पुलाच्या अलीकडे

सेहेचाळीस साल लागताना, थंडीत माझी नगरला बदली झाली. लढाई संपली होती. ब्रह्मदेशातून परत आल्यावर मला लान्स दफेदारची फीत मिळाली होती, आणि चिलखती गाड्यांच्या ट्रेनिंग स्क्वाड्रनला वायरलेस शिकवायला माणूस हवा होता. मी सोनईचा. गावात सगळ्यांना वाटलं, पोराने वशिला लावला. तसं काही नव्हतं. हुकूम आला, मी ट्रंक उचलली आणि भिंगारच्या बराकीत जाऊन हजर झालो.

काम ठरलेलं असे. सकाळी पी.टी., मग सेटची सफाई, बॅटऱ्या चार्जिंगला लावणं, नाश्त्यानंतर रंगरुटांचा वर्ग. दुपारी गाड्या घेऊन चांदबिबीच्या महालाकडे. एक गाडी वर महालापाशी, एक पायथ्याशी, दोन-तीन मधल्या माळावर. कोणी कोणाला दिसायचं नाही, फक्त सेटवर बोलायचं. बोलणं साफ आणि थोडकं पाहिजे. एकाचं संपून त्याने 'ओव्हर' म्हटल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. एवढी एक गोष्ट अंगवळणी पाडायला आम्हाला कित्येक आठवडे लागत.

वायरलेसचे मुख्य होते दफेदार फजलदाद खान. पंजाबात चकवाल म्हणून भाग आहे, तिथले. वय चाळिशीचं, अंगाने उंच, बोलणं सावकाश. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांचा मुलूख कोरडा. पाऊस पडला तर गहू, नाहीतर फौज. नगरच्या बाहेरचा माळ बघून ते मला म्हणायचे, "शेटे, खुदाने यह जमीन और हमारी जमीन एक ही दिन बनाई होगी."

रंगनाथ कदम त्याच हिवाळ्यात भरती होऊन आला. देवळाली प्रवऱ्याचा, शेतकऱ्याचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, सातवी फायनल झालेला. त्याचा कान फार तयार होता. सेटमध्ये कितीही खरखर असो, तो त्यातून शब्द बरोबर उचलायचा. पण बोलायला लागला की सगळं एका श्वासात. 'ओव्हर' म्हणायचं हमखास राहून जायचं. मग दोघे एकदम बोलायचे आणि कोणालाच काही कळायचं नाही.

आमचे रंगरूट बहुतेक नगर-पुणे भागातले. त्यांना हिंदुस्तानी जेमतेम यायचं. म्हणून उस्तादांनीच मराठी शिकायला घेतली, माझ्याकडून. पहिला शब्द विचारला तो रंगनाथसाठी.

"आहिस्ता को क्या बोलते हो?"

"हळू."

ळ त्यांच्या जिभेवर काही बसला नाही. त्यांचं 'हलू' झालं. "हलू, रंगा, हलू." सेटवर दिवसभर हेच ऐकू यायचं. रंगरूट मेसमध्ये त्यांची नक्कल करायचे आणि ते स्वतःच हसायचे. वर्षभरात उस्ताद भिंगारच्या बाजारात मराठीत घासाघीस करण्याइतके तयार झाले.

एका रविवारी रंगनाथ आम्हा दोघांना घरी घेऊन गेला. नगरहून रेल्वेने राहुरी आणि पुढे बैलगाडी. त्यांचं गुऱ्हाळ चालू होतं. उस्तादांनी आधी पाट बघितला. काठावर बराच वेळ उभे राहिले.

"इतना पानी," ते म्हणाले. "और कोई झगडा नहीं?"

रंगनाथच्या वडिलांना विचारलेलं कळलं. ते म्हणाले, "झगडं लई हायती. पन पानी बी हाय."

जेवायला बसताना ताटाचा प्रश्न आला. उस्ताद मुसलमान. रंगनाथची चुलती दारातच थबकली. रंगनाथच्या आईने रंगनाथचंच ताट उचललं, त्यात वाढलं आणि उस्तादांपुढे ठेवलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, काकवी. रंगनाथला पत्रावळ दिली. उस्तादांनी हे सगळं पाहिलं. जेवण झाल्यावर ते स्वतः ताट घासायला उठले, तेव्हा ती बाई रागावली. "उस्ताद, तुमी पाव्हनं हाय. ठेवा ते खाली." त्यानंतर उस्ताद तिथे तीन-चारदा तरी गेले. एकदा तर रंगनाथ ड्यूटीवर असताना एकटेच जाऊन आले.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात फौजेची वाटणी व्हायला लागली. मैदानावर नावं वाचून दाखवली. गाड्या वाटल्या, सेट वाटले, मेसमधली भांडी वाटली. पंजाबी मुसलमान पलीकडे जाणार. उस्तादांचं गाव पलीकडे, म्हणून उस्ताद पलीकडे. त्यांना कोणी काही विचारलं नाही. माझ्या डोक्यात हे तेव्हाही नीट शिरलं नव्हतं. ज्या माणसाबरोबर सकाळी बॅटऱ्या मोजल्या, तो संध्याकाळी दुसऱ्या फौजेचा झाला होता, आणि दोघांच्या अंगावर वर्दी तीच होती.

नगर स्टेशनवर आम्ही त्यांना सोडायला गेलो. रंगनाथने गुळाची ढेप आणली होती. उस्ताद डब्याच्या दारात उभे होते.

"छह महिने की बात है," ते म्हणाले. "लोग ठंडे हो जाएंगे. फिर मिलेंगे."

मी हो म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं. रंगनाथ भराभर काहीतरी सांगत होता: आईने हे सांगितलंय, वडिलांनी ते सांगितलंय, गूळ भिजू देऊ नका. इंजिनाच्या शिट्टीत निम्मं कोणाला ऐकूच आलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही काश्मीरला होतो.

पठाणकोटपासून रस्ता कच्चा. जम्मू, मग नौशेरा, मग त्याच्याही पुढे. डोंगर, नाले, चिंचोळे रस्ते. चिलखती गाड्यांसाठी जागा वाईट. रस्ता सोडून बाजूला होता येत नाही. रंगनाथ आता पक्का ऑपरेटर झाला होता. पहिल्या ट्रूपच्या पुढच्या गाडीत त्याची जागा. मी स्क्वाड्रन कमांडर मेजरसाहेबांच्या गाडीत, मागे.

सुरुवातीला समोर टोळीवाले होते. उन्हाळ्यात पलीकडची पक्की फौज समोर आली, तेव्हा सेटवर एक नवीनच प्रकार सुरू झाला. दोन्हीकडे सेट एकाच बनावटीचे, शिकवणारे एकच, बोलायची पद्धत एकच. फ्रिक्वेन्सी जवळ आली की त्यांचं आम्हाला ऐकू यायचं, आमचं त्यांना. शिव्या चालायच्या. पण कधीकधी पलीकडून कोणी विचारायचं, अमका रिसालदार अजून आहे का, तमक्याला मुलगा झाला का. आमच्यातले जाट उत्तरंही द्यायचे. मग अधिकारी ओरडायचे आणि सगळं बंद व्हायचं.

यावर मेजरसाहेबांनी उपाय काढला. ते मला म्हणाले, "तुम और कदम मराठी में बात करो. उधर कोई नहीं समझेगा." आम्ही तसं केलं. पंधरा-वीस दिवस ते उत्तम चाललं. उस्तादांचं नाव माझ्या मनात एकदाही आलं नाही. पंजाबी मुसलमानांच्या इतक्या पलटणी होत्या. ते नेमके आमच्याच समोर असतील, असं कोण धरून चालेल?

त्या दिवशी आम्हाला एका नाल्यावरचा पूल ओलांडून पलीकडची टेकडी पायदळासाठी मोकळी करायची होती. सकाळी उजाडल्यावर निघालो. ऊन चांगलं पडलं होतं. रंगनाथची गाडी सर्वांत पुढे. तिचे कमांडर दफेदार भरतसिंग. मेजरसाहेबांची गाडी मागे वळणावर थांबली होती, तिथून मला पूल दिसत नव्हता. रंगनाथ सांगेल तेवढंच मला कळत होतं.

"पूल दिसला," तो म्हणाला. "दगडी हाय. पल्याड कोनी दिसत न्हाई. पुढं जाऊ का? ओव्हर."

मी मेजरसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"जा पुढे. ओव्हर."

तेवढ्यात सेटमध्ये तिसरा आवाज आला. खरखरीत, लांबचा, पण सावकाश.

"हलू, रंगा. हलू."

पुन्हा आवाज आला. "रंगा, पूल नको. पुलावर येऊ नको. थांब."

रंगनाथने सगळे नियम सोडले. "उस्ताद! उस्ताद, तुमी? कुठं हाय तुमी? बरं हाय न्हवं? आय लई आठवन काढती तुमची. जेवलात का?"

सगळं एका श्वासात. ओव्हर नाही, काही नाही. मी इतक्या वर्षांत लढाईत इतका आनंदलेला आवाज दुसरा ऐकलेला नाही.

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "पूल नको, बेटा."

मेजरसाहेबांनी माझा खांदा धरला. "कौन है?"

"दफेदार फजलदाद, साहब. नगर में हमारे उस्ताद थे."

"क्या बोलता है?"

"पुलावर येऊ नका म्हणतो." मी गडबडीत मराठीतच बोललो. मग हिंदुस्तानीत सांगितलं.

"कैसा आदमी है?"

"सच्चा आदमी था, साहब."

"था, या है?"

मेजरसाहेबांनी फार वेळ घेतला नाही. "रोक दो. सॅपर आगे भेजो." त्यात चूक काही नव्हती. पुलाबद्दल शंका आली की गाडी थांबवायची आणि सुरुंग काढणाऱ्या सॅपरना पुढे पाठवायचं, हाच कायदा होता. मी मायक्रोफोन तोंडाशी धरला आणि हुकूम दिला.

"थांबलो," रंगनाथ म्हणाला. या वेळी अगदी सावकाश, शिकवल्यासारखं. "पुलाच्या अलीकडं थांबलो. ओव्हर."

पुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर विचारून विचारून जमवलं. भरतसिंग सॅपरांशी बोलायला गाडीतून खाली उतरले. त्यांची जागा मोकळी झाली तशी रंगनाथ तिथे उभा राहिला. कमरेपासून वर तो गाडीच्या बाहेर होता. सॅपर पुलाकडे निघाले. पहिला गोळा पुलाच्या पलीकडच्या टोकावर पडला. दुसरा नाल्यात. तिसरा रस्त्यावर, गाडीच्या डाव्या अंगाला. त्याचा तुकडा रंगनाथच्या मानेत लागला.

सेटवर त्याच्या ड्रायव्हरचा आवाज आला. "शेटे, रंगा को लगा है." मग थोड्या वेळाने, "शेटे, रंगा गया."

मी ऐकलं आणि 'रॉजर' म्हणालो. तोंडातून तेच आलं.

त्यानंतर पुन्हा तो लांबचा आवाज. "रंगा. रंगा, बोल." थांबून, "रंगा, जवाब दे, बेटा."

मी मायक्रोफोन उचलला. मेजरसाहेबांनी त्यावर हात ठेवला. "नहीं."

"साहब, वे पूछ रहे हैं."

"वह फॉल ऑफ शॉट पूछ रहा है. गोला कहाँ गिरा. फ्रिक्वेन्सी बदलो."

मी बटण फिरवायला लागलो. तो आवाज बारीक होत गेला. रंगा, रंगा, असं दोनदा आणखी ऐकू आलं. मग गेलं.

दुपारपर्यंत पायदळाने टेकडी घेतली. वर रिकामे खंदक होते, माणूस नव्हता. पुलाखाली सॅपरना सुरुंग सापडला नाही. यावरून मेजरसाहेबांचं मत पक्कं झालं: तो डाव होता. गाडी एका जागी उभी करायची आणि तोफेने नेम धरायचा. आमचे रिसालदारसाहेब जुने माणूस. ते म्हणाले, पहिला गोळा थेट पुलावर पडला. तोफ आधीपासून पुलावरच लावलेली होती. गाडी पुलावर असती तर सगळेच गेले असते, म्हणजे त्याने खरं सांगितलं. दोघांचं बोलणं ऐकताना मला दोन्ही पटायचं. एकाचं ऐकून बाहेर आलो की दुसऱ्याचं आठवायचं.

रंगनाथ वर का उभा राहिला, हेही धड कळलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, दुर्बिणीने टेकडी बघत होता. मागच्या गाडीचा कमांडर शपथेवर सांगायचा की रंगनाथ टेकडीकडे बघून हात हलवत होता. दुर्बीण गाडीत खालीच सापडली. पण ती हातातून खाली पडलेली असू शकते.

नाल्याच्या काठी तिथल्या चीड झाडांची लाकडं रचून आम्ही त्याला अग्नी दिला. अस्थी मी एका डब्यात ठेवल्या.

मला रजा मिळाली ती पावसाळा संपल्यावर. सोनईला न जाता मी आधी राहुरीला उतरलो. ऊस डोक्याच्या वर गेला होता. रंगनाथच्या वडिलांनी मला लांबूनच ओळखलं आणि माझ्या हातातला डबाही ओळखला. तार त्यांना केव्हाच मिळाली होती. ते म्हणाले, "आधी चा घे. मग त्याच्या आयकडं जाऊ."

तिघे मिळून नदीवर गेलो. प्रवरेला पाणी होतं. अस्थी सोडल्या. रंगनाथच्या आईने तोपर्यंत मला एक शब्द विचारला नव्हता. घरी आल्यावर तिने मला वाढलं आणि समोर बसली.

"उस्तादांना कळवलं का रं?" ती म्हणाली.

घास माझ्या हातातच राहिला. वडील दाराकडे बघायला लागले. त्यांना काही अंदाज आला असावा. ते पेपर वाचणाऱ्या लोकांत बसत-उठत.

"त्यांना कळवाया पायजे," ती म्हणाली. "लई जीव हुता त्यांचा. कुनाच्या तोंडून भलतंच कळायच्या आत तूच कळव."

"अगं, ते आता तिकडं असत्यात," वडील हळूच म्हणाले.

"तिकडं म्हंजे कुठं? तार जात न्हाई का तिकडं?"

चकवाल म्हणजे कुठे, सरहद्द म्हणजे काय, एका स्क्वाड्रनच्या दोन फौजा कशा होतात, हे मी तिला कसं सांगणार होतो? मलाच ते कोणी समजावलं नव्हतं.

तिने दुसरं विचारलं. "त्याच्याजवळ कोन हुतं शेवटाला? एकलाच हुता का?"

"नाही, आई. ड्रायव्हर होता. मी सेटवर होतो."

"काई बोलला?"

"बोलला. उस्तादांशी बोलला."

तिचा चेहरा एकदम बदलला. वडिलांनी मान वर केली.

"उस्ताद हुते तिथं?"

"होते." आता मागे फिरता येत नव्हतं, आणि जे घडलं तेच मी सांगत होतो. "सेटवर होते. रंगनाथने त्यांना ओळखलं. तुमची आठवण सांगितली. जेवलात का म्हणून विचारलं. फार खूश झाला होता."

"आन मग?"

"मग गोळा पडला. उस्ताद त्याला नावाने हाका मारत होते. पुष्कळ वेळ मारत होते."

"म्हंजे जवळच हुते."

"जवळच होते."

तिने पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं. परक्यात गेलं न्हाई माझं लेकरू."

वडील उठून बाहेर गेले. मी मागून गेलो तेव्हा ते गोठ्यापाशी उभे होते. मला वाटलं, आता ते विचारतील, ती तोफ कोणाची होती म्हणून. त्यांनी विचारलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडी जुपतो. टेशनाला सोडतो तुला."

मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली. पलीकडच्या कोणाकडूनही मला उस्तादांबद्दल काही कळलं नाही. ते त्या टेकडीवरून जिवंत गेले की नाही, तेही ठाऊक नाही.

सवार रंगनाथ कदम, राहणार देवळाली प्रवरा, एकविसाव्या वर्षी नौशेऱ्याच्या पुढे एका नाल्याकाठी पडला. आमच्याकडच्या शाळेत झेंडावंदनाला मला बोलावतात, तेव्हा मी त्याचं नाव घेतो. मुलं विचारतात, त्याला कोणी मारलं? मी सांगतो, तोफेच्या गोळ्याचा तुकडा लागला. तेवढं मला खात्रीने माहीत आहे. मेजरसाहेबांचं खरं होतं की रिसालदारसाहेबांचं, हे मी ठरवायचं आता सोडून दिलं आहे. पण त्या दोघांचंही न ऐकलेल्या त्या माउलीचं 'परक्यात गेलं न्हाई' हे बोलणं मला अजून सोडत नाही. ते खोटं आहे असं म्हणायला मी अनेकदा तोंड उघडलं, आणि प्रत्येक वेळी तसंच मिटून घेतलं.